संस्थांचं पियानो देखभाल कंत्राट: दर कसा काढावा, निविदेत काय लिहावं?

खुंटीपिळ

पाचगणी परिसरातल्या एका निवासी शाळेने दरपत्रक मागवलंय. त्यांच्या पत्रात एवढंच आहे: "१४ पियानो, वार्षिक देखभाल, प्रति ट्यूनिंग दर कळवावा." घरगुती कामाचे दर ठरलेले आहेत, पण संस्थेला तेच दर दिले तर अंगाशी येतील असं वाटतं. सुटा दर द्यावा की वर्षाची एकरकमी रक्कम? दुरुस्ती आत धरावी की बाहेर? कागदपत्रं कोणती लागतात? मुंबई-पुणे-गोव्यात स्वतंत्रपणे काम करणाऱ्यांनी सविस्तर लिहावं. इतरांनाही उपयोग होईल.

मंद्रसप्तक

आधी पाहणी, मग दर. हा क्रम कोणाच्याही आग्रहाखातर मोडू नका. "१४ पियानो" या शब्दांना काही अर्थ नाही. मालमत्ता नोंदवहीत डिजिटल कीबोर्डही 'पियानो' म्हणून चढवलेले असतात, भांडारात झाकून ठेवलेलं खोकंही त्याच आकड्यात असतं.

पाहणीला एका वाद्यामागे वीस मिनिटं धरा, म्हणजे चौदांना पाच तास. त्याची फी लावा आणि कंत्राट मिळालं तर पहिल्या बिलातून वळती करा. फुकट पाहणीचा अहवाल पुष्कळदा दुसऱ्याच्या निविदेला जोडला जातो.

प्रत्येक वाद्याचा एक कागद करा. त्यावर बनावट, अनुक्रमांक, खोली, फोटो. मग पुढच्या गोष्टी:

मधला 'ए' किती हर्ट्झला आहे ते मोजा. ४४० अपेक्षित. ४३७.५ म्हणजे साधारण १० सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) खाली, ४३५ म्हणजे २० सेंट. दहा सेंटांपेक्षा जास्त उतरलेलं वाद्य एका फेरीत बसत नाही. आधी ढोबळ पिच (सुराची उंची) वर घ्यायची आणि मग बारीक ट्यूनिंग. हा जादा पाऊण तास दरात आलाच पाहिजे.

ट्यूनिंग पिनांचा घट्टपणा टॉर्क रेंचने पाच-सहा ठिकाणी बघा, विशेषतः बास आणि मधल्या भागाच्या जोडावर. साधारण ५ न्यूटन-मीटरच्या खाली गेलेली पिन सूर धरत नाही. अशा पिना विखुरलेल्या चार-दोन असतील तर पातळ सायनोअ‍ॅक्रिलेट (झटपट चिकटणारा गोंद) सोडून किंवा एक माप जाड पिन घालून भागतं. सलग वीस-पंचवीस सैल असतील तर पिन ब्लॉकच (पिना रुतवलेला लाकडी ठोकळा) गेला. ते काम देखभालीत बसत नाही, त्याचा प्रस्ताव वेगळा.

तारांचा गंज, ब्रिजवरच्या (तारा टेकतात त्या लाकडी पट्टीवरच्या) चिरा, हॅमरवर पडलेल्या खाचा, अडकणाऱ्या पट्ट्या, पेडल, कसर आणि उंदीर. शेवटी खोलीची आर्द्रता आणि पियानोजवळ विजेचा पॉइंट आहे की नाही.

यावरून चार वर्ग पाडा. अ म्हणजे मंचावरचं वाद्य, ब म्हणजे शिकवण्याचं, क म्हणजे सरावाचं. ड म्हणजे ज्याच्या सुराची हमी तुम्ही देऊ शकत नाही. ड वर्ग निविदेत नाव घेऊन, अनुक्रमांकासह लिहा. जुन्या शाळांत आणि चर्चमध्ये इंग्लंडहून आलेले, हॅमरच्या वर डॅम्पर (तारेचा नाद थांबवणारे नमदे) असलेले अपराइट (उभे पियानो) अजून आहेत. डॅम्परच्या तारांच्या जाळीतून वेज (शेजारच्या तारा मुक्या ठेवणारी पाचर) घालायला वेळ जातो, त्यात ८५ पट्ट्या, गंजलेल्या तारा. अशा वाद्याला ४४०चं वचन देऊ नका. "आहे त्या पिचवर आपसात जुळवून देऊ" असं स्पष्ट लिहा.

कारकून_कोथरूड

खरेदीच्या बाजूने थोडं. खासगी ट्रस्टच्या शाळेत बहुधा तीन दरपत्रकं मागवतात आणि तुलनात्मक तक्ता खरेदी समितीपुढे जातो. समितीत संगीत शिक्षक असतीलच असं नाही. त्यामुळे तक्त्यात जो रकाना आहे तोच आकडा वाचला जातो, आणि "प्रति ट्यूनिंग" रकाना असेल तर सगळ्यात कमी आकडा जिंकतो.

उपाय दरपत्रक मागवण्याच्या आधीचा आहे. संगीत विभागाला कामाचं स्वरूप लिहून द्या: किती फेऱ्या, कोणत्या महिन्यांत, प्रत्येक फेरीत काय काय. तेच परिशिष्ट म्हणून तिघांनाही गेलं तर तुलना खरी होते. यात काही गैर नाही, संस्थेलाही तेच हवं असतं, फक्त ते लिहिणारं माणूस तिथे नसतं.

दुसरं, वेळ. शाळांचं अंदाजपत्रक एप्रिल ते मार्चचं, त्याची आखणी डिसेंबर ते फेब्रुवारीत. नोव्हेंबरअखेर तुमचा अंदाजित खर्च त्यांच्या हातात असला तर तो शीर्षकासह अंदाजपत्रकात बसतो. जूनमध्ये पाठवलेलं उत्तम दरपत्रकही "किरकोळ दुरुस्ती"च्या शिलकीतून भागवावं लागतं, आणि मग कपात सुरू होते.

सरकारी किंवा अनुदानित संस्था असेल तर कारभार वेगळा: महाटेंडर्स किंवा जेम पोर्टल (राज्य आणि केंद्राची ऑनलाइन खरेदी), दोन लिफाफे (तांत्रिक आणि आर्थिक), डिजिटल स्वाक्षरी, बयाणा रक्कम, काम मिळाल्यावर सुरक्षा ठेव. निविदापूर्व बैठक असेल तर जरूर जा आणि वाद्यांची यादी, खोल्यांचा ताबा, ट्यूनिंगला शांतता याबद्दलचे प्रश्न लेखी द्या. लेखी प्रश्नांची उत्तरं शुद्धिपत्रकात आली की ती निविदेचा भाग होतात, तोंडी उत्तरं होत नाहीत.

मांडवीकाठ

हवामानाचं लिहितो, कारण वेळापत्रक चुकलं तर चांगलं कामही महिन्याभरात वाया जातं आणि दोष तुमच्यावर येतो.

पावसाळ्यात साउंडबोर्ड (तारांचा नाद वाढवणारी लाकडी फळी) दमट होऊन फुगतो, ब्रिज वर उचलला जातो, तारा ताणल्या जातात आणि मधल्या सप्तकांची पिच चढते. डिसेंबर-फेब्रुवारीत कोरडं झालं की उतरते. बासच्या टोकाला हा फरक कमी, मध्यभागी सगळ्यात जास्त, म्हणून सप्तकं एकमेकांपासून सुटतात. ऋतू पालटायच्या तोंडावर ट्यूनिंग करू नका, पालटून दोन-तीन आठवडे झाल्यावर करा. किनाऱ्यावर जुलैअखेर ते ऑगस्ट ही एक फेरी, ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबर दुसरी, फेब्रुवारी तिसरी. जूनच्या पहिल्या आठवड्यातली फेरी टाळा. शाळा उघडताना त्यांना तीच हवी असते, तेव्हा कारण लिहून द्या.

पाचगणीला पाऊस आणि धुकं दोन्ही जास्त, शिवाय सुटीत खोल्या महिना-दीड महिना बंद. तिथे सुराच्या आधी पट्ट्या अडकण्याच्या तक्रारी येतात. बुशिंगचं (पट्टीच्या भोकातल्या अस्तराचं) कापड फुगतं, सेंटर पिना (हलणाऱ्या भागांच्या सांध्यांतल्या बारीक पिना) घट्ट होतात, हॅमर परत यायला आळस करतो. पट्टी पक्कडीने बुशिंग किंचित दाबून मोकळी होते, पण दाबताना अंदाज चुकला तर हिवाळ्यात तीच पट्टी खडखडते. फ्लँजच्या (सांध्याच्या लाकडी तुकड्याच्या) सेंटर पिनांना आधी योग्य वंगण द्या. नाहीच सुटली तर पिन काढून कापड रीम करून (भोक किंचित मोठं करून) २० किंवा २०.५ नंबरची पिन नव्याने बसवा. पट्ट्यांवर वा आतल्या हॅमर-यंत्रणेवर, म्हणजे अ‍ॅक्शनवर तेलाचा फवारा कोणी मारला असेल तर तो अहवालात नोंदवा. पुढचं सगळं काम त्याने वाढतं.

आर्द्रता नियंत्रक बसवण्याचा प्रस्ताव कंत्राटासोबतच द्या. आपल्या हवेत पियानोच्या आत ह्युमिडिस्टॅटवर (आर्द्रता पाहून चालू-बंद करणाऱ्या यंत्रावर) चालणाऱ्या गरम कांड्या पुरतात, पाण्याची टाकी बहुतेक ठिकाणी नको. ही यंत्रणा बंद पडण्याचं नेहमीचं कारण एकच: झाडलोट करताना प्लग काढला जातो आणि परत लागत नाही. प्लगवर लेबल, बटणाला चिकटपट्टी, आणि कंत्राटात "वीजपुरवठा अखंड ठेवणं संस्थेची जबाबदारी" हे वाक्य. हॉटेलांत रात्री लॉबीचा एसी बंद होतो आणि सकाळी परत लागतो, तिथे या कांड्यांशिवाय सूर टिकवून दाखवण्याची हमी कोणीही घेऊ नये.

गोव्यातल्या चर्चबद्दल एवढंच: खर्चाची मंजुरी फाब्रिकाकडे (चर्चची मालमत्ता सांभाळणाऱ्या मंडळाकडे) असते, ऑर्गनिस्टकडे किंवा कॉयरमास्टरकडे नाही. पत्र दोघांनाही द्या. नाताळाआधीची तारीख ऑक्टोबरमध्येच पक्की करा.

खुंटीपिळ

मंद्रसप्तक, पाहणीचं पटलं. शाळेने ती मान्य केली तर साधारण २ ग्रँड, ५ सरावाचे अपराइट आणि ७ वर्गांतले अपराइट असतील असं दिसतंय. यावरून रकमेपर्यंत कसं जायचं ते मांडून दाखवाल का?

मंद्रसप्तक

तासांपासून सुरू करा, रुपयांपासून नाही.

ग्रँड २ × ४ = ८ ट्यूनिंग. सरावाचे ५ × ३ = १५. वर्गातले ७ × २ = १४. एकूण ३७. प्रत्येकी पावणेदोन तास, त्यात पंधरा मिनिटांची किरकोळ डागडुजी आली: ६४.७५ तास.

पहिल्या वर्षी समजा सहा वाद्यांची पिच वर घ्यावी लागेल, प्रत्येकी पाऊण तास: ४.५ तास.

किरकोळ दुरुस्तीचा राखीव वेळ वाद्यामागे वर्षाला दीड तास: २१ तास. यात तुटलेली तार, सैल ब्रायडल स्ट्रॅप (अपराइटमध्ये हॅमर मागे ओढणारी बारीक फीत), अडकलेली पट्टी, कुरकुरणारं पेडल.

दरवर्षी दोन अपराइटचं पूर्ण रेग्युलेशन (पट्ट्या-हॅमरची अंतरं पुन्हा मापात आणणं), प्रत्येकी ८ तास: १६ तास. हे घालाच. नुसतं ट्यूनिंग करत राहिलं तर चौथ्या-पाचव्या वर्षी सगळ्या वाद्यांची अ‍ॅक्शन एकदम ढिली झालेली असते आणि तेवढा पैसा एका वर्षात कोणी मंजूर करत नाही.

नोंदी आणि अहवाल: ६ तास.

बेरीज ११२.२५ तास. एका दिवसात हातून नीट होणारं काम पाच तासांचं. साडेसहा-सात तास कानाला सलग राबवलं की शेवटच्या वाद्याचा वरचा दीड सप्तक ऐकूनच कळतो. म्हणजे साडेबावीस, धरा २३ दिवस.

आता दिवसाचा दर. प्रवास न पकडता, पण हत्यारं आणि विमा धरून तुमचा वर्षाचा सगळा खर्च आणि मेहनताना मिळून समजा ९ लाख. वर्षातले बिल करता येणारे दिवस १५०, कारण बाकीचे दिवस प्रवास, पाहणी, वसुली आणि रिकामे जातात. दिवसाला ६,०००. २३ दिवसांचे १,३८,०००. यावर प्रवास, मुक्काम आणि सुटे भाग वेगळे. हे आकडे नमुन्याचे आहेत, आपापले घालावेत.

१,३८,००० भागिले ३७ म्हणजे ट्यूनिंगमागे ३,७३० रुपये. शेजारच्या दरपत्रकात २,००० लिहिले असतील तर त्याची बेरीज ७४,००० होते. मधले ६४,००० कोणत्या कामाचे, हे समितीला तक्त्यात दिसलं पाहिजे. म्हणून रक्कम तासांच्या या फोडीसह द्या. स्वस्त दरवाल्याने रेग्युलेशन धरलेलंच नाही हे मग न सांगता कळतं.

अर्धा_सूर

एकरकमीला माझा विरोध आहे. वर्षाची रक्कम ठरली की संस्था प्रत्येक गोष्ट तिच्यात ढकलते. स्नेहसंमेलनासाठी पियानो जिन्यावरून मैदानात न्यायचा, परत आणायचा, आणि "कंत्राट आहे ना" म्हणून फोन करायचा. पालकसभा, पाहुणे, शूटिंग, सगळं त्यात. सुटे दर ठेवले तर जेवढं काम तेवढं बिल. दरतक्ता द्यावा: ट्यूनिंग, पिच रेझसह (पिच वर घेण्यासह) ट्यूनिंग, तासाचा दुरुस्ती दर, तातडीची भेट, रविवार-सुटीची भेट.

तुमच्या तक्त्यातले राखीव २१ तास पहिल्या सहामाहीतच संपतात. जुन्या अपराइटचे ब्रायडल स्ट्रॅप एक-एक करून तुटत नाहीत. कातडं वाळलं की सगळेच झडतात, आणि एका वाद्याचा पूर्ण संच बदलायलाच तीन-चार तास जातात. बासची तार तुटली तर नमुना पाठवून गुंडाळून घ्यावी लागते, तोवर पिनेजवळ तुटलेली असेल तर नवी तार गाठीने जोडून काम भागवायचं. म्हणजे एका तारेला दोन भेटी.

मंद्रसप्तक

अर्धा_सूर, तक्रार रास्त आहे, पण निव्वळ सुट्या दरांत संस्था पहिली काटछाट करते ती फेऱ्यांची. तीनाच्या दोन, दोनाची एक. मग २० सेंट उतरलेलं वाद्य ओढायला तुम्हीच जाता, गंजलेली तार तुटते आणि नाव तुमचं खराब होतं. तार तुटू नये म्हणून आधी किंचित सैल करून गंजाची पकड सोडवायची आणि मगच वर घ्यायची. उतरलेल्या सेंटांच्या पाव भागाएवढी अपेक्षित पिचच्या पुढे ओढायची, वरच्या सप्तकांत थोडी जास्त, गुंडाळलेल्या तारांत कमी. हे सगळं करूनही महिन्याभरात ती थोडी घसरतेच. फेऱ्या नियमित असल्या की हा प्रश्नच येत नाही.

दोन्ही मिळून करा. ठरलेल्या फेऱ्या आणि रेग्युलेशन एकरकमी. राखीव तास किती हे आकड्यात, त्यावरचं तासाच्या दराने. आणि बाहेरची यादी नावानिशी: हलवल्यानंतरचं ट्यूनिंग, पाणी-उंदीर-वाळवीचं नुकसान, तारांचा पूर्ण संच, हॅमर बदलणं, पिन ब्लॉक, पॉलिश, डिजिटल वाद्यं. वर्षाला दोन तातडीच्या भेटी आत, तिसरीपासून वेगळी. हलवलेला पियानो नव्या जागी दोन दिवस तरी राहू द्यावा, मगच ट्यूनिंग, हेही लिहा. स्नेहसंमेलन सकाळी आणि पियानो रात्री मंचावर, अशा वेळी कार्यक्रमापुरतं जुळवून मिळेल, टिकण्याची हमी नाही.

जमाखर्च

कराचं आणि वसुलीचं.

सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रात आणि गोव्यातही जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी असेल तर देखभालीच्या कामावर १८ टक्के. इथे एक मुद्दा निर्णायक ठरतो: बारावीपर्यंतच्या शाळेची शिक्षणसेवा करमुक्त असल्याने शाळेला भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही. तिच्यासाठी ते १८ टक्के खर्चच. हॉटेलला क्रेडिट मिळतं की नाही हे त्याच्या खोल्यांच्या दरावर ठरतं. म्हणून शाळेच्या तुलनात्मक तक्त्यात कर धरूनची रक्कम बघितली जाईल हे गृहीत धरा. सुटे भाग दुसऱ्या राज्यात विकत असाल तर नोंदणीचा नियम बदलतो, तेव्हा आपल्या सीएला आधीच विचारा.

कंत्राटी कामावर व्यक्तीच्या बिलातून १ टक्का टीडीएस कापला जातो. बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर कपात मूळ रकमेवर. पॅन दिला नाही तर २० टक्के कापतात.

उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) कराच, ती मोफत आहे. सूक्ष्म-लघु उद्योगांना केंद्राच्या खरेदी धोरणात बयाणा रकमेतून सूट आहे. आणि देयकाची मुदत कायद्याने बांधलेली आहे: लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, करार नसेल तर १५. त्यापुढे बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढ व्याज. २०२४-२५ कर निर्धारण वर्षापासून अशी थकवलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षीच्या खर्चात वजा मिळत नाही. हॉटेल कंपनीचा लेखा विभाग यामुळे हलतो. करमुक्त ट्रस्टला त्याचा फारसा धाक नसतो, तिथे फेरीगणिक बिल हाच खरा बचाव. वर्षाअखेर एकच बिल ही अट स्वीकारू नका. प्रत्येक फेरीनंतर कामाचा कागद, त्यावर संगीत शिक्षकांची सही, त्याच दिवशी बिल.

गार्डन_स्टेट

अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या पद्धतीतून घेण्यासारखं थोडं आहे. पियानो टेक्निशियन्स गिल्डची संस्थात्मक देखभालीसाठी मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यात एका पूर्णवेळ तंत्रज्ञामागे साधारण ६० पियानो हा पाया धरतात आणि मग वाद्यांची अवस्था, वय, दर्जा, वापर, हवामान नियंत्रण, अपेक्षित पातळी यांच्या गुणकांनी तो आकडा वरखाली होतो. हवामान नियंत्रण नसलेल्या आणि जुन्या वाद्यांच्या शाळेत तो झपाट्याने खाली येतो. खरेदी समितीला असा बाहेरचा मापदंड दाखवला की "चौदा पियानोंना एवढे दिवस कशाला" हा प्रश्न सोपा होतो.

इकडे विद्यापीठ दायित्व विम्याचं प्रमाणपत्र मागतंच, त्याशिवाय आवारात काम करू देत नाहीत. भारतात शाळा मागत नसली तरी मंचावरच्या ग्रँडवर काम करणाऱ्याने असा विमा घ्यावा आणि निविदेला प्रत जोडावी. तांत्रिक लिफाफ्यात गुण असतील तर तिथे उपयोग होतो.

कारकून_कोथरूड

त्यात भर: तांत्रिक लिफाफ्यात पाहणीच्या अहवालाचा नमुना, हत्यारांची यादी, आधीच्या संस्थांची काम पूर्ण केल्याची पत्रं. "उत्तम काम केलं" अशा पत्रापेक्षा किती वाद्यं, किती वर्षं, किती फेऱ्या हे आकडे असलेलं पत्र जास्त चालतं. दोन-तीन वर्षांचं कंत्राट असेल तर दुसऱ्या वर्षापासूनची दरवाढ टक्क्यांत आधीच लिहा, नंतर मागता येत नाही.

खुंटीपिळ

सगळ्यांचे आभार. एक शंका उरली. मोजमापं अहवालात किती खोलात द्यावीत? रेग्युलेशनचे आकडे समितीला कळणार नाहीत.

मंद्रसप्तक

समितीसाठी नाही, पुढच्या वर्षीच्या तुलनेसाठी द्या. ग्रँडला हॅमरचं तारेपासूनचं अंतर ४५ ते ४७ मिमी, लेट-ऑफ (हॅमर तारेच्या किती जवळ जाऊन सुटतो) दीड मिमीच्या आसपास, पट्टीची खोली १० मिमी, चेकिंग (परत येताना हॅमर तारेपासून किती अंतरावर अडतो) १५ मिमी. अपराइटला लेट-ऑफ ३ मिमीपर्यंत चालतो. कारखान्याचे आकडे मिळाले तर तेच प्रमाण. कामाआधीचं आणि नंतरचं माप शेजारी लिहा, मधल्या 'ए'ची पिच आणि त्या दिवशीची आर्द्रता वर. संगीत शिक्षकांसाठी पहिल्या पानावर वाद्यागणिक एक ओळ: अवस्था, काय केलं, पुढच्या फेरीआधी काय मंजूर करून हवं. ड वर्गातल्या वाद्यांपुढे दुरुस्तीचा अंदाज आणि बदलीची शिफारस दोन्ही लिहा. आणि पाहणीला जाताना शाळेकडून दोन गोष्टी आधी कबूल करून घ्या: सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या एका माणसाकडे, आणि शेजारच्या खोलीत बँडचा सराव नाही.